बाजारात तुरी अन् सेलूत भांडण

सप्टेंबर 2025. सेलूहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 26, कृषी सेवा केंद्रात हिशोब लिहितो, घरी सहा एकर, वडील शेती बघतात. नाव छापू नका म्हणतो. पत्र चार पानांचं, त्यातली साडेतीन पानं मँचेस्टर युनायटेड ह्या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची. कात्री लावून देते:

"ताई, 2008 ला युनायटेडनं मॉस्कोत चेल्सीला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन्स लीग घेतली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुण्याच्या मामेभावानं लाल जर्सी दिली अन् आपण कायमचे लाल झालो. मागच्या मोसमात पंधरावा नंबर. यंदा बाप्पा बसले त्याच रात्री ग्रिम्सबीसारख्या चौथ्या पायरीवरच्या टीमनं कपातून बाहेर काढलं. प्रशिक्षक अमोरिमला हाकलायला पाहिजे का नाही? घरची पोरं विकून बाहेरून महागडी कामून आणतात? ह्या क्लबचं काही होणार आहे, का मी सरळ क्लब बदलू? दुसरं म्हणजे, शाळेपासूनचा एक दोस्त आहे, आर्सेनलवाला. ग्रिम्सबीच्या रात्री त्यानं अमोरिम फळ्यावर सोंगट्या सरकवतोय तो फोटो स्टेटसला ठेवला. मी ग्रुपवर त्याला त्याच्या वडलांच्या कर्जावरून बोललो अन् ग्रुपमधून काढून टाकलं. आम्ही एकाच मंडळात आहोत. तो आरतीला येतो पण माझ्याकडं बघत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी रात्री साडेअकरापर्यंत ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री, बघत बसलो म्हणून घरीही बोलणी खाल्ली. वडील म्हणाले, त्या गोऱ्यांनी तुला कधी पुरणपोळी वाढली का? ताई, फुटबॉल कळत नसेल तर उत्तर राहू द्या."

कळतो, भाऊ. आणि फुटबॉलचंच आधी घेते, कारण दोस्ताचं आधी घेतलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

अमोरिमवर तुझा राग आहे तो उगाच नाही. 2024 च्या नोव्हेंबरात तो आला. त्यानंतर लीगमधले 27 सामने, त्यात सात विजय आणि मोजून 27 गुण. जानेवारीत ब्रायटनकडून घरच्या मैदानावर हरल्यावर त्यानं स्वतःच सांगून टाकलं की क्लबच्या इतिहासातली ही बहुधा सगळ्यात वाईट टीम असेल. मोसम संपला तेव्हा 42 गुण होते. 1973-74 ला युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली होती, त्यानंतरची ही सगळ्यात वाईट कामगिरी. बिल्बावच्या युरोपा फायनलमध्ये टॉटनहॅमनं 1-0 नं हरवलं. तो टॉटनहॅम लीगमध्ये सतरावा होता. म्हणजे आपल्यापेक्षा खालच्याकडून हरायलासुद्धा मेहनत लागते, ती ह्यांनी घेतली. दुसऱ्या कुठल्याही क्लबात असा आकडा असलेला माणूस दिवाळीपर्यंत टिकला नसता.

पण हाकलणार कोण, ते बघ. 2013 मध्ये जुना प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या मोयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढला. व्हान हालनं 2016 ला एफए कप जिंकला, दोन दिवसांनी त्याची गच्छंती. मोरिन्यो 2018 ला लीगमध्ये दुसरा आला, त्याच डिसेंबरात गेला. सोल्शरचा करार 2021 च्या जुलैत वाढवला, नोव्हेंबरात निरोप दिला. टेन हागचं तर हसावं का रडावं कळत नाही. मे 2024 मध्ये एफए कप, जुलैत करार वाढवला, ऑक्टोबरात काढला. त्याला आणि त्याच्या माणसांना घालवायलाच 1 कोटी पौंडांहून जास्त गेले. अॅशवर्थ नावाचा फुटबॉल संचालक त्याच जुलैत वाजतगाजत आणला, डिसेंबरात तोही घरी. खेळाडूंची निवड करायला आणलेला माणूस पाच महिन्यांत जातो तेव्हा बिघाड मैदानात कमी आणि माडीवर जास्त असतो.

तुझ्या सहा एकरांत दरवर्षी नवा बटईदार आला असं धर. पहिल्यानं कापूस लावला. दुसऱ्यानं तो उपटून सोयाबीन पेरलं. तिसऱ्याला मोसंबीचा नाद, त्यानं खड्डे खणले. चौथा आला तर म्हणतो ठिबक काढा. मालक शहरात बसून प्रत्येकाला विचारणार, उतारा कामून येईना? आणि उतारा आला नाही की बटईदार बदलणार. रानात आता अर्धा कापूस, अर्धं सोयाबीन, मधी खड्डे. युनायटेडची टीम म्हणजे हेच रान. टेन हाग मागे चार जण ठेवून दोन्ही बाजूंना विंगर, म्हणजे कडेनं हल्ला चढवणारे, लावायचा, म्हणून अँटनी आला, गार्नाचोला तयार केलं. सँचो आणि रॅशफर्ड आधीपासून होतेच. अमोरिमच्या मांडणीत मागे तीन जण, कडेला बचावही करणारे विंगबॅक, आणि अस्सल विंगरला जागाच नाही. एका फटक्यात चौघं बिनकामाचे झाले. ह्या उन्हाळ्यात चौघंही गेले: रॅशफर्ड बार्सिलोनाला आणि सँचो अॅस्टन व्हिलाला उधारीवर, गार्नाचो चेल्सीला, अँटनी बेटिसला. अँटनीला अयाक्सकडून साडेनऊ कोटी युरोंना घेतलं होतं. परत आले ते चौथाईच्या आसपास. आपल्याला हा माल नको असं विकणाऱ्यानं सगळ्या बाजाराला आधीच सांगितलं की भाव कोण देणार?

आता ग्रुपवर कुणीतरी म्हणणारच, फर्ग्युसनलाही वेळ दिला होता. ह्या वाक्याचा मला खरंच कंटाळा आलाय. फर्ग्युसन 1986 च्या नोव्हेंबरात आला, पहिला कप 1990 ला आणि लीग 1993 ला मिळाली, सगळं खरं. पण तो दुसऱ्याच मोसमात लीगमध्ये दुसरा आला होता, आणि आल्या दिवसापासून पोरं हुडकायची यंत्रणा नव्यानं बांधत होता. वेळ दिलेल्या प्रत्येकाचा फर्ग्युसन होत नसतो. बाकीच्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं: अमोरिमला आत्ता काढू नये, आणि आंधळेपणानं ठेवूही नये. हा माणूस काही येडा नाही. स्पोर्टिंग लिस्बनला त्यानं 2021 मध्ये 19 वर्षांनंतर लीग जिंकून दिली, 2024 ला परत जिंकली. मागच्या वर्षी तो मोसमाच्या मधी आला, दुसऱ्याची टीम, आठवड्याला दोन सामने, सरावाला दिवसच नाही. यंदा ती सबब नाही. युरोपातले सामने नाहीत, आणि ग्रिम्सबीनं लीग कपमधूनही मोकळं केलंय. पूर्ण आठवडा सरावाला मिळतो. 2013-14 ला लिव्हरपूल युरोपात नव्हता, लीगमध्ये दुसरा आला. 2016-17 ला चेल्सी नव्हता, थेट चॅम्पियन झाला. तेवढं मी मागत नाही. पण डिसेंबर उजाडेपर्यंत टीममध्ये फरक दिसला नाही, तर तू हाकला म्हण, मीही म्हणेन.

फरक म्हणजे गुणांचा तक्ता नव्हे, तो सगळ्यांनाच दिसतो. तू मधली फळी बघ. अमोरिम मधी दोघंच ठेवतो, कॅसेमिरो आणि ब्रुनो फर्नांडिस. एक 33 चा, दुसरा ह्याच महिन्यात 31 चा होतोय. समोरच्यांनी मधी तीन जण घातले की हे दोघं कायम एकानं कमी पडतात. कॅसेमिरो पुढं सरकला की त्याच्या मागं मोकळं रान, आणि सगळा भार तीन बचावपटूंवर. ब्रुनोला एवढ्या मागं खेळवणं हे तर मला पटतच नाही. गोल करून देणारा माणूस गोलपासून चाळीस पावलं लांब ठेवायचा, ही कुठली शहाणपणाची गोष्ट? अमोरिम हरत असताना मांडणी मोडतो का, मधी तिसरा माणूस आणतो का, हे बघ. मोडत नसेल तर तो हट्टी आहे, आणि हट्टी माणसाला वेळ देऊन उपयोग नसतो.

घरच्या पोरांचं. तू हिशोब लिहितोस, त्यामुळं तुला हे बाकीच्यांपेक्षा लवकर कळेल. समजा क्लबनं 6 कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत दरसाल 1 कोटी 20 लाख खर्च पडतो, ट्रॅक्टरवर घसारा धरतो तसा. आधी काही क्लब आठ-आठ वर्षांचे करार करून हा खर्च पातळ करायचे. प्रीमियर लीगनं 2023 च्या डिसेंबरात पाच वर्षांची मर्यादा घातली. आता अकादमीतून आलेलं पोरगं घे. त्याची वहीतली किंमत शून्य. ते अडीच कोटींना विकलं तर अडीचच्या अडीच कोटी त्याच वर्षी नफ्यात. 2025-26 पर्यंत लीगचा नियम असा की तीन वर्षांत मिळून तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या वर जायला नको. मग तोटा बुजवायला सोप्यात सोपं काय? घरचं पोरगं. गार्नाचोही लहानपणीच अतलेतिकोकडून किरकोळ रकमेत आणलेला, त्यामुळं चेल्सीचे 4 कोटी जवळजवळ सगळेच नफ्यात. त्यात 2005 ला ग्लेझर कुटुंबानं कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. नवा भागीदार रॅटक्लिफ 2024 ला आला तो खर्चाला कात्री घेऊन, तिथं काम करणाऱ्या शेकडो लोकांची नोकरी गेली. पोरं विकली जातात त्याचं मूळ ह्या वहीत आहे. प्रशिक्षकाच्या आवडीनिवडीचा भाग त्यात थोडाच.

पण नियमात बसतं म्हणून बरोबर ठरतं असंही नाही. मॅक्टॉमिनेचं बघ. 2024 च्या ऑगस्टात युनायटेडनं त्याला अडीच कोटी पौंडांच्या आसपास नापोलीला दिला. तिथं त्यानं लीगमध्ये 12 गोल केले, नापोली इटलीची चॅम्पियन झाली, आणि मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याच मोसमात युनायटेडचे सगळ्यांचे मिळून 44 गोल. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात; इथं तर विकलं आणि मग कळलं की पीक ते होतं. आता मेनूची पाळी येऊ नये. 2024 च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल करणारं वीस वर्षांचं घरचं पोरगं बाकावर बसून आहे, उधारीवर जाऊ द्या म्हणालं तर क्लबनं तेही नाकारलं. वर सांगितलं ते मधल्या फळीचं दुखणं, आणि त्याचं औषध कदाचित त्याच बाकावर आहे. ऑक्टोबर 1937 पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतलं एक तरी पोरगं असतंच. हा मान कागदावर राखायचा नसतो, मैदानात उतरवायचा असतो.

नव्या खरेदीवर मात्र तू फारच चिडलायस. मला ती गेल्या काही वर्षांतली बरी खरेदी वाटते. म्ब्यूमोनं ब्रेंटफर्डकडून मागच्या मोसमात ह्याच लीगमध्ये 20 गोल केले, कुन्यानं वुल्व्ह्जकडून 15. दोघं 26 चे. म्हणजे दुसऱ्या देशात चमकलेलं पोरगं आणून इथं चालतंय का बघू, असला जुगार नाही. होयलुंडवर तसाच जुगार केला होता. मागच्या लीगमध्ये चार गोल, आता तोही नापोलीला उधारीवर. शेश्को 22 चा, तो जुगार आहे खरा, आणि महाग आहे. तिघांवर मिळून 19 कोटी पौंडांच्या वर गेले. ग्रिम्सबीला कुन्याची पेनल्टी अडवली आणि शेवटी म्ब्यूमोची दांड्यावर आपटली, म्हणून दोघांना एका रात्रीत फालतू ठरवू नको. बारा-अकरापर्यंत लांबलेल्या पेनल्ट्यांत कुणाचं तरी चुकणारच. माझी तक्रार वेगळी आहे: पुढच्या फळीला एवढा पैसा ओतला आणि मधल्या फळीत नवा माणूस एकही नाही. ब्रायटनच्या बालेबाच्या मागं लागले, तो मिळाला नाही, मग दुसरा कुणी शोधलाच नाही. गोलकीपर शेवटच्या दिवशी आणला, अँटवर्पचा लामेन्स, वय 23. तुला एमिलियानो मार्टिनेझ पाहिजे होता म्हणून तू घरात आदळआपट केलीस. मला विचारशील तर तेविशीचं पोरगं बरं. बहुतेक पैसा तेहतिशीच्या जगज्जेत्याच्या पगारात घालवून ह्या क्लबाचं पोट अजून भरलं नाही का?

म्हणजे मार्टिनेझ येणार, लामेन्स येणार, दोघंही येणार, कुणीच नाही येणार, ह्या बातम्यांवर तू महालक्ष्म्यांचा अख्खा दिवस घालवलास. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. तूर आपल्याकडंच पिकते, तुला ही म्हण मी सांगायची म्हणजे कमाल झाली. विमानतळावरचे फोटो, 'इथं आम्ही निघालो' म्हणणारे ते ट्रान्सफरच्या बातम्या देणारे इटालियन पत्रकार, अर्ध्या तासाला नवा आकडा. त्यातल्या एकाही गोष्टीवर तुझा काडीचा ताबा नाही. हे सामने बघण्यापेक्षा वाईट व्यसन आहे, कारण सामना नव्वद मिनिटांत संपतो तरी. खरेदी-विक्रीची खिडकी आता जानेवारीपर्यंत बंद आहे. तोवर ती खाती फोनमधून काढ. परत लावावीशी वाटणार नाहीत.

ह्या मोसमात काय होईल? मला सहावा ते आठवा नंबर दिसतो. लीग विसर. तीन सामन्यांत चार गुण झालेत, बर्नलीला शेवटच्या क्षणी पेनल्टीवर हरवलं त्याचं फार कौतुक नको.

क्लब बदलायचं म्हणतोस तर बदल की, कोण अडवतंय. पण जाणार कुठं? तुझ्या नऊ ते चौदा ह्या वयात युनायटेडनं तुला 2009, 2011 आणि 2013 अशा तीन लीग दाखवल्या. तुझ्या दोस्ताचं बघ. आर्सेनलनं शेवटची लीग 2004 ला जिंकली. तेव्हा तो, तुझ्याच वयाचा असेल तर, पाच वर्षांचा होता. त्याला कळायला लागल्यापासून त्यानं लीग बघितलेली नाही. मागचे तिन्ही मोसम दुसरा नंबर. तुझ्यापेक्षा तो जास्त मुरलेला आहे, आणि ह्या दुखण्यावर गावात सल्ला घ्यायचा असेल तर त्याच्याकडंच जावं लागेल. त्यालाच तू ग्रुपमधून काढलास.

तर आता ते. तुझ्या चार पानांत खरी अडचण एकच आहे आणि ती तू शेवटी चार ओळींत उरकलीस. त्यानं फोटो ठेवला. तो फोटो अर्ध्या जगानं ठेवला होता. ती थट्टा क्लबची होती, तुझी नाही. तू उलटून त्याच्या वडलांचं कर्ज चारचौघांत काढलंस. ह्या साली, सोयाबीन पाण्यात पिवळं पडत असताना, परभणी जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याचं कर्ज हा टोमणा असतो का रे? तुझे वडीलही शेतीच करतात ना?

आणि मला दुसरंच खटकतंय. त्याच्या वडलांवर किती देणं आहे हे तुला कळलं कुठून? तू लिहिलं नाहीस. पण तू कृषी सेवा केंद्रात हिशोब लिहितोस, खता-बियाण्याची उधारी तुझ्याच हातानं वहीत चढते. दोस्तानंच कधी मन मोकळं करून सांगितलं असेल तर तू त्याचा विश्वास मोडलास. दुकानाच्या वहीतून कळलं असेल तर तू ज्यावर पोट भरतोस ते काम नासवलंस, कारण त्या वहीतली नावं वाचून दाखवायची नसतात हा त्या कामाचा पहिला नियम. उद्या गावातला दुसरा माणूस तुझ्यासमोर उधारी लिहायला कचरेल. दोस्त तुझ्या मालकाकडं गेला तर नाकारू नको.

करायचं असं. त्याला आधी ग्रुपमध्ये परत घे. जिथं बोललास तिथंच लिही की मी चुकलो, तुझ्या घरचं काढायला नको होतं. एवढंच. त्यात ग्रिम्सबी नको, 'पण तूही' नको, हसरं तोंड नको. मग त्याच्या घरी जा, फोनवर नाही. त्याच्या वडलांपाशी आपणहून विषय काढू नको. त्यांच्या कानावर गेलं नसेल तर तुझ्या माफीनंच जाईल, आणि ते जास्त वाईट. ह्यातलं सगळं शनिवारच्या विसर्जनाच्या आधी कर. मिरवणुकीत गुलाल उडवत गळ्यात पडायचं आणि मिटलं म्हणायचं, असलं नको. ढोल थांबला की ते परत वर येतं. तो लगेच नीट बोलेल असं समजू नको. नाही बोलला तर गप राहा, आरतीला जात राहा.

घरचं सोपं आहे. वडील बोलले ते बरोबर बोलले. पण मला जास्त लागलं ते हे की सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी आणि पुरण ज्या बाईनं केलं असेल, ती तुझ्या पत्रात कुठंच नाही. आईला जाऊन काही मोठं बोलू नको, ती घाबरेल. पुढच्या सणाला फोन बाजूला ठेव आणि पंगतीत वाढायला उभा राहा. जागरणाचं म्हणशील तर यंदा मधल्या वाराचे सामने फारसे नाहीतच, क्लबनंच तुझ्या झोपेची सोय केलीय. 26 ऑक्टोबरला तिकडची घड्याळं मागं जातात, मग प्रत्येक सामना आपल्याकडं तासभर उशिरा, तेवढं ध्यानात ठेव. पैसे लावायचं तू विचारलं नाहीस, पण लावत असशील तर पैशाचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंद झालेत. फुकटातलं फँटसी खेळ, त्यात दोस्तालाही घे.

आता आठवडाभर सुटी आहे, देशांचे सामने चालू आहेत. सिटीविरुद्धचा सामना रविवारी 14 सप्टेंबरला, रात्री नऊला. दोस्त आला तर त्याच्यासोबत बघ, टोमणे मारले तर मारू दे, त्याचा हक्क आहे. कॅसेमिरोच्या मागं किती वेळा रान मोकळं सुटतं तेवढं दोघं मिळून मोजा. निकाल मला कळवू नको, मी बघणारच आहे. दोस्त आला का, ते कळव.